उतरणे, टेकणे, टिकणे

धूमकेतूकडे मराठी माणसाने कधी भल्या नजरेने पाहिलेले नाही. जुन्या मराठीत त्याला शेंडेनक्षत्र म्हणत आणि ते दिसले की दुष्काळ, साथ, राजाचे मरण अशी भाकिते होत. आजही एखादा लेखक अकस्मात गाजून तितक्याच त्वरेने दिसेनासा झाला, की समीक्षेत त्याच्यासाठी धूमकेतूची उपमा तयार असते. दोन्ही ठिकाणी गृहीत एकच: धूमकेतू ही लांबून पाहायची वस्तू आहे. म्हणूनच १२ नोव्हेंबर २०१४ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे ‘फिले’ हे छोटे यान ६७पी/चुर्युमोव-गेरासिमेंको या धूमकेतूवर पोचले, तेव्हा तेथे काय घडले हे सांगण्यासाठी आम्हांला क्रियापद शोधावे लागले. ते उतरले, पडले, की नुसते टेकले? आमच्या मते हा प्रश्न निव्वळ शब्दांचा नाही.

चंद्रावर वा मंगळावर उतरताना खरी अडचण वेग आवरण्याची असते, कारण तो गोलच यानाला खाली ओढत असतो. धूमकेतूवर उलटा प्रकार. त्याला पाहुण्याला धरून ठेवण्याइतकी ओढच नसते. हा धूमकेतू जेमतेम चार किलोमीटरचा, दोन गोळे मानेशी जोडल्यासारखा, बदकाच्या आकाराचा. पृथ्वीवर सुमारे शंभर किलो भरणारे फिले तेथे एक-दोन ग्रॅमचे, म्हणजे कागदाच्या कपट्याइतके ठरत होते. धूमकेतूवर आदळणे त्या मानाने सोपे. ४ जुलै २००५ रोजी अमेरिकेने टेम्पेल-१ या धूमकेतूवर सुमारे ३७० किलोचा गोळा सेकंदाला दहा किलोमीटरच्या वेगाने आदळवला होता. पण आदळणे वेगळे आणि मुक्काम करणे वेगळे. मुक्कामासाठी फिलेपाशी तीन सोयी होत्या: टेकताक्षणी त्याला वरून खाली दाबणारा वायूचा झोत, जमिनीत रुतणारे दोन हार्पून आणि पायांतले स्क्रू.

ही सारी तयारी मुळात भलत्याच धूमकेतूसाठी होती. रोझेटा हे मुख्य यान आणि त्याच्या पोटातले फिले जाणार होते विर्टानेन या लहान धूमकेतूकडे. डिसेंबर २००२ मध्ये एरियन-५ जातीचा एक अग्निबाण कोसळल्याने उड्डाण लांबले, मुहूर्त हुकला आणि मार्च २००४ मध्ये निघताना लक्ष्य बदललेले होते. नव्या धूमकेतूचा खरा आकार कळला तो दहा वर्षांच्या प्रवासानंतर, २०१४ च्या उन्हाळ्यात. ऑगस्टमध्ये रोझेटा तेथे पोचले आणि तीन महिन्यांत उतरण्याची जागा ठरवावी लागली. अंतर इतके, की एकेरी संदेशाला अठ्ठावीस मिनिटे लागत. म्हणजे उतरताना कोणी सुकाणू धरणार नव्हते. सर्व आज्ञा आधीच लिहून ठेवलेल्या. एकदा हातून सुटलेल्या मजकुरावर लिहिणाराचा ताबा राहत नाही, हे आम्ही वर्गात सांगत असतो. येथे ते अक्षरशः खरे होते.

आदल्या रात्रीच्या तपासणीत वायूचा झोत चालत नसल्याचे दिसले. तरीही फिलेला सोडण्याचा निर्णय झाला. साडेबावीस किलोमीटरचे अंतर ते सात तासांत, शेवटी माणसाच्या संथ चालीने उतरत आले आणि ठरल्या जागेच्या अगदी जवळ टेकले. पण हार्पून सुटले नाहीत. यान उसळले, सुमारे एक किलोमीटर वर गेले आणि जवळजवळ दोन तास अधांतरी राहिले. पुन्हा टेकले, पुन्हा लहानशी उडी घेतली आणि अखेर एका कड्याच्या सावलीत तिरके अडकले. तेथे बारा तासांच्या दिवसात दीड तासच ऊन येत होते. सौरपट्ट्यांचा उपयोग जवळपास संपला.

अशा वेळी आमच्या क्षेत्रातल्या माणसाला एक मोह होतो. अपयशाचे सौंदर्य हा आमचा आवडता विषय. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत प्रत्येक पराभूत नायक ‘हरूनही जिंकतो’, आणि ही सवय त्यांना आम्हीच लावली आहे. फिलेच्या बाबतीत तर साहित्यही हाताशी आहे. रोझेटाचा शिलालेख आणि फिले बेटावरचा स्तंभ या दोहोंच्या आधाराने इजिप्तची चित्रलिपी उलगडली, त्यांचीच नावे या यानांना दिलेली. शिवाय उसळण्याने काही लाभही झाला. एका जागेऐवजी अनेक जागांचा स्पर्श घडला. उडी चालू असताना चुंबकमापकाने वेगवेगळ्या उंचीवर नोंदी घेतल्या आणि धूमकेतूच्या गाभ्याला स्वतःचे चुंबकत्व नसल्याचे दिसले.

परंतु या अपयशाला आम्ही सुंदर म्हणणार नाही. फिलेने मुख्यतः जे करायचे होते, म्हणजे जमिनीखालचा नमुना छिद्र पाडून काढायचा आणि तपासायचा, ते साधले नाही. ही हानी खरी आहे आणि रूपकाने ती भरून निघत नाही. आम्हांला आदर वाटतो तो त्यानंतरच्या सत्तावन्न तासांचा. बॅटरी पुन्हा भरणार नाही हे उघड होते. तेव्हा ज्या उपकरणांच्या हालचालीने यान निसटण्याची भीती होती ती मागे ठेवली, नुसते पाहणारी आणि हुंगणारी आधी चालवली. धोका पत्करला तो शेवटाकडे. हातोड्याने ठोकून पाहिले, तर जमीन अनपेक्षित कठीण निघाली. छिद्र पाडण्याचे यंत्र चालवून पाहिले. सरतेशेवटी यानाचे अंग सुमारे ३५ अंशांत फिरवले, मोठी पट्टी उन्हाकडे यावी म्हणून. १५ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर संदेश थांबले.

पुढे जून-जुलै २०१५ मध्ये फिलेने थोडा वेळ साद दिली. २ सप्टेंबर २०१६ रोजी रोझेटाच्या कॅमेऱ्याला ते कपारीत सापडले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला रोझेटालाही त्याच धूमकेतूवर सावकाश टेकवण्यात आले. २०२० मध्ये दुसऱ्या स्पर्शाची जागा ओळखली गेली. तेथे यान घासल्याच्या खुणेवरून खडकातले बर्फ कॉफीवरच्या फेसाहूनही मऊ असल्याचे कळले.

यश की अपयश, या प्रश्नाला कृतीचा शेवटच तेवढा दिसतो. फिले उतरले हे खरे, टिकले नाही हेही खरे. आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र ‘हरूनही जिंकले’ असे लिहून थांबण्याआधी त्या सत्तावन्न तासांचा क्रम एकदा पाहावा. आधी काय केले, मागे काय ठेवले आणि कोणता धोका कधी पत्करला, हे सांगता आले तर त्या यानाविषयी काही सांगितले असे होईल. हरलेल्या नायकांविषयीही आम्ही याहून वेगळे काही मागत नाही.