चालत्या यंत्रातला पत्ता

१/ ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टीम ३६०’ ही संगणकमाला जाहीर केली. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला. अशा यंत्रांचा आकार आणि वेग इतिहासात नोंदला जातो. त्यांच्या आतल्या दप्तराविषयी क्वचितच कोणी लिहितो. मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला आणि माझी रोजीरोटी याच दप्तरावर चालते. म्हणून हा धागा.

२/ आयबीएमच्या मेनफ्रेमला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची स्मृतीत एक छोटी नोंद असते: युनिट कंट्रोल ब्लॉक, म्हणजे यूसीबी. क्रमांक, प्रकार, चालू की बंद, हे सारे तिच्यात. जमीन शिवारात आणि तिची ओळख सातबाऱ्यावर, तसेच हे.

३/ पूर्वी या नोंदी यंत्र सुरू होताना तयार होत आणि ते बंद होईपर्यंत जागा सोडत नसत. त्यामुळे नोंदीचा पत्ता एकदा शोधून जपून ठेवणे सुरक्षित होते. मात्र उपकरणांची रचना बदलायची तर यंत्र पुन्हा सुरू करावे लागे आणि तेवढा वेळ सारे काम खोळंबे.

४/ १९९०च्या दशकाच्या आरंभी एमव्हीएस प्रणालीत चालत्या यंत्रातच उपकरणे जोडण्या-काढण्याची सोय आली. त्याबरोबर धोकाही आला. नोंद काढून ती जागा दुसऱ्या कामाला दिली गेली, तर जुना पत्ता घेऊन आलेला प्रोग्राम परक्या माहितीलाच उपकरणाची स्थिती समजतो. तिथे त्याने काही लिहिले, तर अनर्थ.

५/ उपाय दोन. नुसते पाहायचे असेल, तर प्रणालीकडून नोंदीची नक्कल घ्यावी. मूळ नोंदच हवी असेल, तर ती ‘पिन’ करावी. पिन असेपर्यंत ते उपकरण काढण्याचा आदेश प्रणाली नाकारते. शोध आणि पिन एकाच मागणीत व्हावे लागतात, कारण आधी शोध आणि मग पिन असे केल्यास मधल्या क्षणात नोंद नाहीशी होऊ शकते.

६/ काम संपताच पिन सोडायची. ती राहिली, तर निकामी उपकरणही काढता येत नाही. पिन करताना कारणही लिहिता येते. मध्यरात्री एखादा बदल अडला की कोणाला उठवायचे, हे त्या एका ओळीवरून कळते. त्या ओळीत मोघम शब्द घालणाऱ्याला मनातल्या मनात दूषणे देत मी काही रात्री काढल्या आहेत.

७/ इतिहासाच्या अभ्यासकाला यातून काय मिळते? तिरोडा १ मे १९९९पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. त्या दिवसापासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे. खुद्द भंडारा १९५६पूर्वी मध्य प्रदेशात, नंतर मुंबई राज्यात आणि १९६०पासून महाराष्ट्रात. गाव जागचे हलले नाही, दप्तर हलले. जुन्या कागदावरचा ‘जिल्हा भंडारा’ चुकीचा नसतो. ती त्या दिवसाची नक्कल असते. म्हणून स्थलनाम उतरवून घेताना शेजारी कागदाची तारीखही लिहावी. तारखेवाचून पत्ता घेऊन निघालेला माणूस परक्या दप्तरात पोहोचतो आणि तिथे जे सापडेल तेच खरे मानून परततो.