खोळ

एप्रिलमधली दुपार, पावणेतीनची वेळ. भुसावळात या वेळी कुत्रंही भिंतीची सावली सोडत नाही. बाहेर पारा 44 च्या पुढे, आत कूलर नुसती गरम हवा ढकलतोय आणि मी दार लावून, उघड्या अंगानं पलंगाच्या कडेला बसलेलो. दोन्ही पाय काळ्या रबरात, गुडघ्याच्या चार बोटं वरपर्यंत. तिथून सूट पुढे जाईना आणि मागेही येईना.

सूट भाच्याचा. नोकरीच्या सुरुवातीला तो हौसेनं डायव्हिंग शिकला, हौसेनं हा वेटसूट विकत घेतला आणि मग बरीच वर्षं तो पुण्यातल्या त्याच्या फ्लॅटच्या माळ्यावर पडून होता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तारकर्लीला जायचं ठरवलं तेव्हा बहिणीनं तो माझ्याकडे धाडला. आमची मामाभाच्यांची अंगकाठी सारखी आहे, असं तिचं मत. ते मत आठ-दहा वर्षं जुनं आहे हे मला पलंगावर बसल्यावर कळलं. भाच्यानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मामा, जायच्या आधी घरी एकदा घालून बघा. फक्त नखं लावू नका, निओप्रीन फाटतं."

आम्ही पोहायला शिकलो तापीत, पाठीला रिकामा डबा बांधून. नदीवर पोचायच्या आधीच शर्टाची बटणं सुटलेली असायची. पोहायचं म्हणजे कपडे काढायचे, ही माझी बावन्न वर्षांची समजूत. पाण्यात उतरण्यासाठी अर्धा तास कपडे घालत बसायचं, हे डोक्यातच बसत नव्हतं.

आणि तेही असले कपडे. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपॉन्ट कंपनीत 1930 मध्ये तयार झालं. त्याला फेसासारखं फुगवून, आत वायूचे लाखो बारीक बुडबुडे कोंडून त्याचा पत्रा करतात, आणि त्या पत्र्याचा हा पायापासून गळ्यापर्यंतचा एकसंध झबला शिवतात. ह्यू ब्रॅडनर नावाचा अमेरिकेतला भौतिकशास्त्रज्ञ, बर्कलीच्या विद्यापीठातला, आधी अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेला. त्यानं 1950 नंतरच्या एक-दोन वर्षांत ही कल्पना काढली. तोवर सगळ्यांची धडपड पाणबुड्याचं अंग कोरडं ठेवायची. ब्रॅडनर म्हणाला, अंग ओलं झालं तर होऊ द्या. ऊब राखायचं काम रबरातले बुडबुडे करतील. आत शिरलेलं थोडं पाणी तिथंच थांबलं, सारखं बदलत राहिलं नाही, म्हणजे झालं. पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं, म्हणून हा सगळा खटाटोप. आता आतलं पाणी बदलू द्यायचं नसेल तर सूट अंगाला चिकटूनच बसला पाहिजे. थोडा सैल चालेल, ही सोयच नाही.

थोडक्यात, माणसाच्या अंगातली एक कणभरही उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून मुद्दाम बनवलेली वस्तू मी एप्रिलात, भुसावळात, भर दुपारी अंगात घालत होतो.

"भाऊ, काय करू राह्यला रे आतमधी?" दाराबाहेरून आईचा आवाज आला. आई शहात्तर वर्षांची. तिची झोप दुपारी सावध असते.

काही नाही म्हणालो, आणि त्याच क्षणी उठायला गेलो. गुडघे वाकत नव्हते. कपाटाला धडकलो. मग दार उघडावंच लागलं. म्हणजे उड्या मारत जाऊन उघडावं लागलं.

आईनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. हसली नाही. तिनं गुडघ्याशी लोंबणारी सुटाची बाही चिमटीत धरून कापड पाहतात तशी चोळून पाहिली, ताणून पाहिली, मग म्हणाली, "ओढू नको. उशीले खोय कशी घालता? तशी घाल."

आमच्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. केळीची केयी होते, भुसावळचं भुसावय होतं, आणि खोळीची खोय. उशीची घट्ट खोळ घालायची बायकांची एक पद्धत असते. खोळ आधी उलटी करायची, दोन्ही हात आत घालून तळाचे कोपरे पकडायचे, त्याच हातांनी उशीचे कोपरे धरायचे आणि खोळ उशीवर उलगडत आणायची. खोळ ओढायची नाही, उलटवत न्यायची. मी बावन्न वर्षं त्या उशांवर झोपलो, ही गोष्ट कधी पाहिली नव्हती.

तर सगळं उतरवलं. त्यातच दहा मिनिटं गेली. सूट कमरेपर्यंत उलटा केला. पाय आत सारून आधी घोटा नीट बसवला. मग आईच्या सांगण्याप्रमाणे पोटरीवर बोटांच्या पेरांनी थोडं थोडं रबर गोळा करायचं, इंचभर वर सरकवायचं, दुसऱ्या पायाला तेवढंच. जांघेत एक सुरकुती राहिली होती. ती तशीच ठेवून मी खांद्याकडे निघालो तर आईनं अडवलं. खालचं बसल्याशिवाय वरचं येणार नाही, हे तिला रबर हातात धरून कळलं होतं. आणि खरंच, जांघेत दोन बोटांची ढिलाई राहिली तर खांदा चार बोटं कमी पडतो. सगळी लांबी शेवटी खांद्यालाच भरून द्यावी लागते. बाह्यांच्या वेळी तिनं माझी मूठ मिटवून अंगठा आत दुमडला. कासार बांगडी चढवताना हात दाबतो, अगदी तसा. कांकण भरायला बसल्यासारखा मी निमूट हात पुढे करून उभा.

पाठीवरची चेन तिनंच लावली. चेनला हातभर लांब पट्टी असते, एकट्या माणसाला मागून ओढता यावी म्हणून. पण खांदे मागे घेऊन पाठीची दोन्ही टोकं जवळ आणल्याशिवाय ती हलत नाही. आईनं एका हातानं टोकं जुळवली, दुसऱ्यानं पट्टी ओढली. गळ्याशी रबर बंद झालं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुखत काही नव्हतं. फक्त श्वास पूर्ण घेता येत नव्हता. छाती फुगली की रबर ती परत बसवायचं. आरशात पाहिलं तर मी भाजून काळ्या पडलेल्या भरताच्या वांग्यासारखा दिसत होतो. दोन मिनिटांत कपाळावरून घाम डोळ्यात. पाचव्या मिनिटाला कानात बारीक घूं सुरू झालं. हे लक्षण आम्हा खानदेशी माणसांना पाठ असतं.

"काढ," म्हणालो.

चेन झर्रकन उघडली. पण सूट? घाम सुटलेल्या अंगाला तो आता डिंकासारखा बसला होता. खांदे कसेबसे निघाले. मनगटाशी बाही उलटी होऊन अशी आवळली की दोन्ही हात पाठीमागे, आत कोंडलेले. आई खेचतेय, मी तिच्याबरोबर खोलीभर फिरतोय. हसू येत होतं आणि गरगरतही होतं. मग ती थांबली, मला दंडाला धरून मोरीत नेलं, रांजणातलं पाणी आणलं आणि तांब्या-तांब्यानं माझ्या मानेवर ओतू लागली. मला गार करावं, एवढाच तिचा हेतू. पण पाणी पाठीवरून आत उतरलं, रबर आणि कातडी यांच्यामध्ये शिरलं, आणि तिसऱ्या की चौथ्या तांब्याला बाही सुळकन मनगटावरून निघाली. वेटसूट काढायची हीच तर रीत! आत पाणी सोडायचं, गळ्याकडून सोलत खाली यायचं, सगळा सूट उलटा होऊ द्यायचा. भाचा ते सांगायचं विसरला होता.

टाचेनं मात्र शेवटपर्यंत दावा सोडला नाही. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो, आईनं पाऊल मांडीवर घेतलं. लहानपणी गाळात रुतलेला पाय धुवायला घ्यायची तसं.

मेमध्ये रात्रीच्या कोकणकन्येनं पनवेलहून कुडाळ, पुढे एसटीनं मालवण. डायव्हिंग सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळपासच्या पाण्यात. होडीत विशीतला एक मालवणी पोरगा सगळ्यांना सूट चढवत होता. पावलाला आधी प्लास्टिकची पिशवी घालायची आणि मग सुटात सारायचं, की पाय लोण्यासारखा जातो, ही त्याची युक्ती. ही मात्र आईला सुचली नव्हती. माझ्याकडे तो वळला तेव्हा मी उलटा करून, घोटे बसवून, जांघेपर्यंत आलो होतो.

"काका, आधी घातलास काय?"

"हो. भुसावळात."

तो थांबला. "भुसावळात खय समुद्र?"

पाण्यात उडी टाकल्यावर मानेतून एक गार ओहोळ पाठीच्या कण्यावरून थेट खाली आला. अंगावर काटा. मिनिटभरात तो ओहोळ माझाच झाला, कोमट. खरं सांगायचं तर मेमधल्या मालवणच्या पाण्यात गारठण्यासारखं काही नसतं. तिथं सूट हवा तो खडकावर खरचटू नये आणि जेलीफिशनं डंख मारू नये म्हणून जास्त. पण आठेक मीटर खाली गेल्यावर एक गोष्ट झाली. जो सूट पलंगावर मला श्वास घेऊ देत नव्हता, तो सैल झाला. दर दहा मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाइतका वाढतो, रबरातले बुडबुडे आक्रसतात, पत्रा पातळ होतो. समोरून काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा चालला होता. मी मात्र दोन बोटांनी पोटावरचं रबर चिमटीत धरून पाहत होतो.

परत आल्यावर नवीनच अडचण. सूट गोड्या पाण्यात धुवायचा, घडी घालायची नाही, आणि कडक उन्हात तर अजिबात वाळवायचा नाही. भुसावळात, मेमध्ये! आईनं उलटा करून दोन बादल्या पाण्यात खळबळला, जाड हँगर नव्हता म्हणून रजईच्या काठीवर खांद्यांना फडकी गुंडाळून मोरीत टांगला.

रात्री दीडच्या सुमाराला ती पाणी प्यायला उठली. मोरीच्या अंधारात कुणीतरी काळं, हात लोंबवून उभं.

"कोन रे भो?" ती ओरडली. मग जवळ जाऊन तिनं त्याची बाही चिमटीत धरली, अजून ओली आहे का ते पाहिलं, आणि परत येऊन झोपली.