एकाच वजनाचे दोघे

मास स्पेक्ट्रोमीटरच्या निगेटिव्ह मोडमध्ये १४७.०२९९ दिसलं की माझा हात थांबतो. पाच कार्बन, आठ हायड्रोजन, पाच ऑक्सिजन. सूत्राबद्दल वाद नाही. पण त्या सूत्रात २-हायड्रॉक्सीग्लुटारेट बसतं, तसं ३-ही बसतं. रिटेन्शन टाइम आणि तुकडे पाहून हे दोघे सुटतात. खरी अडचण पुढे आहे: २-हायड्रॉक्सीग्लुटारेटची डी आणि एल ही आरशातली जोडी. वजन तेच, पाणी गेल्यावर उरणारा १२९.०१९ तोच, साध्या कॉलममधून बाहेर पडायची वेळही तीच.

२००९ साली आयडीएच१ जनुक बदललेल्या मेंदूच्या गाठींत हे द्रव्य साचलेलं सापडलं, ते डी. पेशीला ऑक्सिजन कमी पडला की वाढतं, ते एल. बाळाच्या लघवीत यांपैकी कोणतंही वाढलेलं असू शकतं आणि ते दोन वेगळे आजार आहेत.

नवी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, लायब्ररी मॅच झालंय, पुढे जाऊ या?" हजारो पीक्स समोर असताना तिची घाई मला कळते. पण लायब्ररीतच दोघांचे स्पेक्ट्रम सारखे, तर निवडायचं कशावरून? मी तिला नमुना वाळवून डायअसेटिल टार्टारिक ॲनहायड्राइडबरोबर तापवायला लावला. हे रसायन स्वतःच एका हाताचं, त्यामुळे ते जोडलं गेलं की आरशातलं नातं संपतं. ३६३ वरून १४७ च्या ट्रेसवर दोन पीक्स आली, मध्ये स्वच्छ दरी. ती खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकली. त्यातलं डी कोणतं, हे मात्र शुद्ध डी नमुन्यात मिसळल्यावरच कळलं.

स्पेक्ट्रम पाहून नाव सांगायला मला आवडतं. सॉफ्टवेअरच्या आधी मी बोललो आणि खोलीतल्या माना वळल्या, की सुखावतो. त्या सुखासाठीच मी अजून प्रत्येक मूळ स्पेक्ट्रम उघडतो. डी-एलपुढे ही नजर चालत नाही, आणि ते मला सलतं.

हल्ली पेपरांच्या पुरवणीत नुसत्या लायब्ररी मॅचवर शेकडो नावं छापतात. २००७ मध्येच मेटाबोलोमिक्सच्या क्षेत्रानं ठरवलंय: शुद्ध स्टँडर्ड त्याच परिस्थितीत चालवून दोन स्वतंत्र गुणधर्म जुळले, तरच ओळख पटली म्हणायची. त्या नावावर भिस्त ठेवून पुढे कोणीतरी वर्षं घालवणार असतं. म्हणून विनंती: स्टँडर्ड चालवलं नसेल तर नावाआधी 'संभाव्य' लिहा, आणि डी की एल हे तपासलं नसेल तर ते अक्षर गाळा.