संकासुर आणि सातबारा

तुळशीचे लग्न लागले की दक्षिण कोकणात जत्रांचे दिवस येतात आणि देवळापुढे दशावतार उभा राहतो. आधी आडदशावतार. त्यात गणपती येतो, सरस्वती येते, भटजी येतो, मग वेद पळवणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू. त्यानंतर आख्यान लागते ते पहाटेपर्यंत. दहीकालो होतो तेव्हा असुर मेलेला असतो आणि माणसे घोंगड्या झाडून घराकडे वळतात. आमच्या खारेपाटणच्याच काय, सिंधुदुर्गातल्या कोणत्याही गावच्या प्रेक्षकाची न्यायाची पहिली कल्पना इथे घडते. अन्यायाला तोंड असते, रंग असतो, गडगडाटी हसू असते, आणि उजाडायच्या आत त्याचा निकाल लागतो. मराठी चित्रपटाने ही कल्पना जवळपास आहे तशी उचलली. संकासुराच्या जागी सावकार, पाटील, पुढारी, बिल्डर एवढे बदलत गेले. या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. अन्यायाशी झुंजणाऱ्या चित्रपटांपैकी जे असुर मारून थांबतात ते आपल्याला समाधान देतात. पण जे असुराच्या हातातला कागद उलगडून दाखवतात, ते आशा देतात. आशा म्हणजे सगळे ठीक होईल हा दिलासा, असा अर्थ मी घेत नाही. गाठ कुठे आहे हे दिसले की ती सोडवता येईल असे वाटू लागते, त्या वाटण्याला मी आशा म्हणतो.

कागदावर माझा एवढा भर का, हे कोकणातल्या वाचकाला फार समजावून सांगावे लागू नये. इतिहासाच्या पुस्तकात खारेपाटणचे नाव येते ते एका लेखामुळेच, फक्त तो तांब्यावर कोरलेला आहे. शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ मधल्या त्या ताम्रपटात शिलाहार राजा रट्टराजाने देवस्थानासाठी गावे दिल्याची नोंद आहे. राजाची वंशावळ त्यात आहे, दान घेणाऱ्या गुरूचा मान आहे. त्या गावांत नांगर धरणाऱ्यांना विचारले होते का, हा प्रश्न त्या काळी कुणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. पुढे खोती आली. खोताचा जुलूम जेवढा त्याच्या आवाजात होता, त्याहून अधिक त्याच्या दप्तरात होता. म्हणून त्याच्याशी झालेला सर्वांत मोठा झगडाही दप्तराशीच झाला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळच्या चरी गावातल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप करून जमिनी पडीक ठेवल्या; बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले; खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. या साऱ्या हकिकतीत असुरवधाचा प्रसंग एकही नाही. तरीही कोकणातल्या कष्टकऱ्याच्या आयुष्यात इतका मोठा पालट कोणत्याही एका वधाने झाला नसता.

मराठी चित्रपटाला हे अगदी आरंभी उमगले होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांच्या त्या गर्दीत, कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. ती भूमिका व्ही. शांताराम यांची. सावकार दुष्ट आहेच, पण चित्रपटाच्या नावात सावकाराचे नाव नाही, पाशाचे आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. पाश म्हणजे व्यवस्था. एक सावकार गेला तरी तो सुटत नाही. बारा वर्षांनी, १९३७ मध्ये, शांतारामांनीच प्रभातसाठी 'कुंकू' केला. नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लावलेले लग्न मानायलाच नकार देते. ती कुणाला मारत नाही, पळून जात नाही. त्याच घरात राहते आणि 'हे मला मान्य नाही' एवढेच दिवसामागून दिवस वागून दाखवते. केशवराव दात्यांचे काकासाहेब हेही असुर नाहीत. रूढीने त्यांना जो हक्क दिला तो त्यांनी वापरला, इतकेच. खलपुरुष इतका माणसासारखा असताना अन्याय अधिकच उघडा पडतो, कारण राग काढायला सोपे तोंड उरत नाही आणि आपली नजर आपोआप रूढीकडे वळते.

जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांचा 'सामना' (१९७५) या वाटेने आणखी पुढे जातो. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील हा मराठी पडद्यावरच्या सर्वांत पक्क्या सत्ताधीशांपैकी एक. साखर कारखाना, सहकार, गावचा मान सगळे त्याच्या मुठीत. त्याच्यासमोर उभा राहणारा श्रीराम लागूंचा मास्तर दारूने पोखरलेला आहे. अंगात बळ नाही, पाठीशी कुणी नाही. त्याच्याजवळ एक प्रश्न तेवढा आहे: मारुती कांबळेचे काय झाले? हा प्रश्न तो इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी विचारतो की गावाने गिळलेली गोष्ट गावाला ओकावी लागते. हिंदुराव शेवटी पडतो हे खरे, पण प्रेक्षक घरी नेतो तो प्रश्न. अर्धे शतक उलटले तरी तो मराठी बोलण्यात टिकून आहे, याचे कारण तो पुन्हा वापरता येतो. मारुती कांबळेच्या जागी दुसरे नाव घातले की तो लगेच चालू लागतो.

कागद उलगडून दाखवण्याची कला सर्वांत पूर्णपणे साधली ती चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये. व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ मध्ये गौरवलेल्या आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर (वीरा साथीदार) खटला आहे. त्यांचे गाणे ऐकून गटारसफाईच्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. न्यायाधीश क्रूर नाही. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करते, मुलांना वाढते, नाटकाला जाते. पोलीस एकच साक्षीदार खटल्याखटल्यांत फिरवतात. ब्रिटिशांच्या काळातली कलमे सपाट आवाजात वाचली जातात, तारखा पडत जातात, आणि एक माणूस आत राहतो. मेलेल्या कामगाराची विधवा साक्ष देते तो प्रसंग मला मराठी चित्रपटातला सर्वोच्च वाटतो. नवरा मॅनहोलमध्ये आधी खडा टाकायचा आणि झुरळे बाहेर आली तरच आत उतरायचा, कारण झुरळे जिवंत असतील तर आत हवा आहे. एवढे एक वाक्य, आणि आत्महत्येच्या आरोपाचा सारा डोलारा कोसळतो. मृत्यू गाण्याने झाला नाही, साधने न देणाऱ्या व्यवस्थेने झाला, हे त्या बाईला कुणावरही आरोप न करता सांगता येते. शेवटी कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, दालनातले दिवे एकेक करून मालवतात, आणि न्यायाधीश सहलीला गेलेला दिसतो. प्रेक्षक चिडतो, पण ती चीड फेकायला त्याला चेहरा मिळत नाही. झुरळांचा हिशोब मात्र तो विसरू शकत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. असे कोरडे चित्रपट पाहून सामान्य माणसाला बळ कसे यावे? त्याला जिंकणारा कुणीतरी लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' हे याचे ताजे आणि आमच्याच मातीतले उदाहरण. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री हा दृष्टी अधू होत चाललेला वृद्ध दशावतारी. मुलगा गमावल्यावर तो रंगभूमीवरची सोंगे घेऊन जंगलाच्या मुळावर उठलेल्या खाणवाल्यांसमोर उभा राहतो. प्रेक्षकांनी त्याला मनापासून दाद दिली, आणि ती योग्यच होती. मालवणी माणसाची भाषा, त्याचे रान, त्याची कला आणि त्याचा राग एकाच पडद्यावर इतक्या ऐटीत क्वचितच दिसले आहेत. पण दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून चिखलाचे पाणी बागायतीत आणि घरांत शिरले, तेव्हा कोणताही अवतार उपयोगी पडला नसता. तिथे परवाना, जनसुनावणी, भरपाईचा पंचनामा हेच लढाईचे मैदान होते. शेजारच्या राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये बायाबापड्या उन्हात बसल्या त्या मातीपरीक्षण थांबवण्यासाठी. म्हणजे रिफायनरी प्रकल्पाच्या पहिल्या कागदाविरुद्धच. 'दशावतार' राग जागा करतो, हे त्याचे श्रेय. राग कुठे नेऊन ठेवायचा हे सांगणारा चित्रपट आपल्याला अजून हवा आहे.

आणि सामान्य प्रेक्षकाला विजयच लागतो, हे तरी खरे आहे का? नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) कसा संपतो ते सगळ्यांना ठाऊक आहे: आवाज नाही, आणि फरशीवर एका मुलाची लाल पावले. तरीही त्याने मराठी चित्रपटांच्या कमाईचे तोवरचे सारे विक्रम मोडले. गाण्यांनी गर्दी खेचली असे कुणी म्हणेल. पण शेवट ठाऊक झाल्यावरही माणसे दुसऱ्यांदा गेली, ती केवळ नाचायला गेली नव्हती. त्याआधीच्या 'फँड्री'त (२०१३) डुक्कर धरायला धावणारे जब्याचे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे तेच कुटुंब मेलेले डुक्कर काठीला बांधून नेताना आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे रंगवलेल्या भिंतीसमोरून जाते. घटनेने दिलेली समता आणि गावाने राखलेली उतरंड एकाच चौकटीत मावतात, आणि संवादाची गरजही पडत नाही. श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये (१९७४) पोराने मारलेला दगड जमीनदाराच्या खिडकीवर बसला होता. 'फँड्री'च्या शेवटी जब्याचा दगड कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे खुर्चीत बसलेल्या आपल्याकडे. चाळीस वर्षांत दगडाचे लक्ष्य बदलले, कारण चित्रपट करणाराही बदलला. दुःखाचे चित्र आता ते दुःख भोगलेला माणूस स्वतः काढू लागला.

दुसरा आक्षेप अधिक सडेतोड आहे: चित्रपटाने काही बदलत नाही. 'कोर्ट' आला, गाजला, आणि गटारात माणसे मरतच राहिली. हाताने मैला उचलण्याविरुद्ध कायदे तर १९९३ पासून आहेत आणि २०१३ मध्ये नवाही झाला. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. चित्रपट कायदा करत नाही आणि तो अमलात आणणे तर त्याच्या आवाक्याबाहेरचेच. पण काम कुठे करायचे ते त्याला दाखवता येते, आणि कामाची जागा कळली की काय होते याचा दाखला आमच्याच कणकवली तालुक्यात आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला मिळावे म्हणून उपोषण केले आणि गांधीजींनी येरवड्यात त्यांना साथ दिली. पण अप्पासाहेब तिथे थांबले नाहीत. कणकवलीजवळ गोपुरीत त्यांनी संडासाचीच रचना बदलायला घेतली. मैला उचलावाच लागू नये अशी सोय झाली तर उचलणारी जातही उरणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. उपोषण हे अंतःकरणाला आवाहन होते, संडास हे व्यवस्थेला उत्तर. 'कोर्ट'मधली विधवा आणि गोपुरीतला तो संडास यांचे नाते माझ्या लेखी हेच.

शेवटी दशावतारालाही न्याय द्यायला हवा, कारण मी त्याच्यावर थोडा अन्याय केला आहे. संकासुर एका गावात मरतो तेव्हा दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात तो पुन्हा वेद पळवणार आहे, हे मांडवातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. वध हा तिथे निकाल नसतोच, दर वर्षी करावयाचे काम असते. ही समज चित्रपटगृहात शिरताना आपण बाहेर का ठेवतो, हे मला कोडे आहे. म्हणून गावोगावच्या वाचनालयांना, शाळांना आणि ग्रामपंचायतींना माझी एक विनंती आहे. या जत्रांच्या हंगामात दशावताराच्या जोडीने एका संध्याकाळी 'सामना' किंवा 'कोर्ट' लावा. चित्रपट संपल्यावर दिवे लावून अर्धा तास बसा, आणि कोण जिंकले यावर वाद घालू नका. आपल्या गावात कोणता कागद निघाला आहे, त्यावर सही कुणाची आहे आणि हरकत घ्यायची मुदत कोणत्या तारखेला संपते, एवढे एकमेकांना विचारा.