हिशेब

आमच्या टीममधला एकजण परवा कँटीनमध्ये म्हणाला, "तुमच्यात बरं असतं रे. आठवडाभर काय वाट्टेल ते करा, रविवारी फादरच्या कानात सांगा, झाला हिशेब क्लिअर!" मी नेहमीसारखा हसलो. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे ती जाळीची खिडकी आणि हिंदी सिनेमातले फादर नसतात. पाळक असतात, त्यांना बायकोमुलं असतात, आणि त्यांच्या कानात काही सांगितलं तर ते बुधवारपर्यंत मंडळीभर होतं. हे सगळं मी त्याला दहा वेळा सांगून झालंय. पण या वेळी ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण तो जे चेष्टेत म्हणाला, तेच मी गेली दोन वर्षं माझ्या वडिलांबद्दल मनातल्या मनात म्हणतोय.

पप्पा प्यायचे. "थोडी घ्यायचे" वगैरे नाही, प्यायचे. नगरला (आता अहिल्यानगर, पण जिभेवर नगरच येतं) एका छापखान्यात ते सोळाव्या वर्षी खिळे जुळवायला लागले. मग खिळे गेले, ऑफसेट आलं, डीटीपी आलं, आणि प्रत्येक बदलाबरोबर पप्पांची खुर्ची दाराच्या जवळ सरकत गेली. शेवटी दाराबाहेर. पिणं त्याआधी सुरू झालं की नंतर, यावर आई आणि आत्याचं अजून एकमत नाही. मी सेकंड इयरला असताना आईने भिशी उचलून माझ्या फीचे ३८ हजार कपाटात ठेवले होते. सोमवारी भरायचे होते. रविवारी उपासनेहून घरी आलो तर कपाट उघडं. पप्पा चार दिवसांनी आले. एवढंच सांगतो. बाकीचं आईचं आहे, ते मी इथे लिहिणार नाही.

दोन वर्षांपूर्वी पप्पांनी सोडली. कशी, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. एका रविवारी ते मंडळीत उभे राहिले, साक्ष दिली, जेमतेम चार वाक्यं, आणि मागच्या बाकांवरून "आमेन" आलं. ज्यांनी दहा वर्षं आमच्या घराकडे बघून मान फिरवली होती तीच माणसं त्यांचे हात हातात घेत होती. आई रडत होती. मी चपला शोधत होतो.

इतकं सोपं? मला तो राग अजून आठवतो. जर्मनीतल्या बोनहॉफर या पाळकाने १९३७ साली एका पुस्तकात 'स्वस्त कृपे'वर कडाडून टीका केली होती. पश्चात्ताप नको, बदल नको, फक्त माफी हवी, अशी कृपा. हिटलरच्या विरोधात उभ्या राहिलेल्या या माणसाला १९४५ च्या एप्रिलमध्ये फाशी दिलं, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आहे. तो हे आरामात चाललेल्या चर्चला उद्देशून म्हणत होता. आणि मी? मी ते पुस्तक माझ्या बापाच्या विरोधात पुरावा म्हणून वाचलं.

माझा स्वतःचा विश्वास कसा होता, तर एक्सेल शीटसारखा. अलंकारिक बोलत नाहीये, खरोखर शीट आहे. तारीख, किती अध्याय वाचले, प्रार्थना किती मिनिटं, दशांश दिला की नाही. झालं की रकाना हिरवा, राहिलं की लाल. रिलीजच्या आठवड्यात सगळं लाल व्हायचं आणि मग मी वीकेंडला बॅकलॉग भरून काढायचो, एका बैठकीत लेवीयची बारा प्रकरणं! (ज्यांनी लेवीय वाचलंय त्यांना कळेल.) तारण कमवायचं नसतं, ते दिलं जातं, आपण विश्वासाने फक्त हात पुढे करायचा, हे शब्बाथशाळेपासून पाठ आहे. पण अप्रेजल, रेटिंग, बेल कर्व्ह यांतच वाढलेल्या माणसाला फुकट मिळालेल्या गोष्टीचा संशय येतो. कुठेतरी अटी लागू असतीलच.

त्याच फाइलमध्ये दुसरा टॅब आहे. नाव 'पप्पा'. नोकरीला लागल्यापासून, म्हणजे रखवालदाराची, पप्पा दर महिन्याच्या पाच तारखेला मला ५०० रुपये पाठवतात. मी मागितले नव्हते. ३८ हजार म्हणजे ७६ महिने. मी दर महिन्याला नोंद करतो.

तर, मागच्या महिन्यात पप्पा पुण्याला आले आणि म्हणाले, "केडगावला जाऊन येऊ." नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. पप्पांची पणजी तिथे वाढलेली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या, त्यांतली ती एक. सहा-सात वर्षांची होती, आडनाव माहीत नव्हतं. घरातली आठवण अशी, की पुढे ती तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते तिथल्या बायकांनीच जुळवलं, छापलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या आणि ते बायबल १९२४ साली बाहेर आलं. पप्पांना पणजीबद्दल माहिती अशी एवढीच. पण "आपल्यात खिळे तिच्यापासून," असं ते अभिमानाने सांगतात.

जायच्या आदल्या रात्री मी रमाबाईंची १९०७ सालची साक्ष पुन्हा वाचली. शाळेत आपल्याला रमाबाई म्हणजे संस्कृत पंडिता, १८८२ साली हंटर कमिशनपुढे बोललेली बाई, शारदासदन, एवढं शिकवतात. पण त्यांनी स्वतःबद्दल एक गोष्ट फार मोकळेपणाने लिहिली आहे. बाप्तिस्मा घेतला १८८३ साली, इंग्लंडमध्ये वाँटेजला. त्यानंतर आठेक वर्षं त्या ख्रिस्ती होत्या, विधवांसाठी शाळा चालवत होत्या, त्यासाठी शिव्या खात होत्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला धर्म मिळालाय, ख्रिस्त नाही. हे त्यांना उमगलं विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मगुरूचं आत्मकथन वाचताना. तो माणूस आधीच चर्च चालवत होता, आणि १८५१ साली स्वतःचंच प्रवचन देता देता त्याचं परिवर्तन झालं!

मी तिथे थांबलो. रमाबाईंसारखी बाई, जिच्या शीटमधला प्रत्येक रकाना हिरवा असता, ती म्हणते की हे पुरेसं नाही, आणि पुरेसं होणारही नाही, कारण ते मोजायचंच नव्हतं. गंमत म्हणजे मोजणं सोडल्यावर त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. दुष्काळातल्या मुली त्यानंतरच्या. माझी खापरपणजी त्यानंतरची. तिने तरी काय कमावलं होतं? उपाशी होती, बैलगाडीत की रेल्वेत की कशात कोण जाणे, कुणीतरी तिला उचलून घेतलं.

केडगावला आम्ही फार वेळ नव्हतो. पप्पा आवारात टोपी हातात धरून उभे राहिले, काही बोलले नाहीत. परतीच्या गाडीत जागा मिळाली. यवतच्या आसपास ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "देवाने मला माफ केलं, ते मला कळलं. तू केलंस असं मी धरून चालत नाही. ते पाचशे माफीचे नाहीत. ते तुझे आहेत, म्हणून देतो."

मला उत्तर सुचलं नाही. उधळ्या मुलाच्या दाखल्यात थोरला भाऊ असतो ना, वर्षानुवर्षं राबलेला, बापाला आपल्या चाकरीचा हिशेब ऐकवणारा, मेजवानीचा आवाज ऐकून अंगणातच थांबलेला. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो, आणि लूकने गोष्ट तिथेच सोडली आहे. तो आत गेला की नाही, लिहिलेलं नाही. लहानपणी मला वाटायचं पान फाटलंय.

मी पप्पांना हडपसर येईपर्यंत काहीच बोललो नाही. मग विचारलं, "पप्पा, चहा घेणार?" ते म्हणाले, "घेऊ की." पुणे स्टेशनवर पैसे त्यांनीच दिले.

पाच तारखेला ५०० आले. मोबाईल वाजला तेव्हा मी कॉलवर होतो. नोंद करायची राहिली, आणि आज बारा तारीख झाली तरी मी तो टॅब उघडलेला नाही. पहिला टॅबही नाही, खरं तर. प्रार्थना होते, कधी सकाळी कधी बसमध्ये, किती मिनिटं ते माहीत नाही. राग गेलाय असं म्हणणार नाही. कपाट अजून दिसतं. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, शनिवारी रात्रीच्या एसटीने नगरला जातोय. आईला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "बसशील कुठे, मागे की आमच्याबरोबर?"

म्हटलं, जागा धर.