अठरा वर्षं पूर्ण झाली, आता बाहेर पडा

पनवेलमध्ये मी ज्या मुलांसोबत काम करते, त्यांतल्या सहा जणांनी आतापर्यंत बारावीनंतर कॉलेजात नाव घातलं. सहाही जण बालगृहात वाढलेले. त्यांतल्या तिघांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे. खरी तारीख माहीत नसली की १ जून लिहून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. वस्तीतल्या आजोबांना विचारा, निम्म्यांचा वाढदिवस त्याच दिवशी निघेल. आजोबांचं त्यावाचून काही अडलं नाही. या मुलांचं अडतं. बारावीचा निकाल मेमध्ये लागतो, प्रवेशाची धावपळ जूनमध्ये असते, आणि नेमकं १ जूनला अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून बालगृहाचं दार बंद होतं. आपल्या घरातला मुलगा कोणतं कॉलेज घ्यायचं यावर भांडत असतो, तेव्हा हा मुलगा पेटी घेऊन आज रात्री कुठे झोपायचं ते शोधत असतो.

पनवेलमध्ये बालगृह हा शब्द काढला की लोकांना २०११ सालचं प्रकरण आठवतं. इथल्या मतिमंद मुलांच्या एका संस्थेतले अत्याचार तेव्हा उघडकीला आले, उच्च न्यायालयाने दखल घेतली, २०१३ मध्ये शिक्षा झाल्या. त्यावर बोललंच पाहिजे. पण आपली सगळी चर्चा मूल आत सुरक्षित आहे का, इथेच थांबते. बाहेर पडल्यावर त्याचं काय झालं, हे विचारायला कोणी जात नाही.

कायदा काय म्हणतो? बाल न्याय कायदा २०१५, कलम ४६. अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत 'देता येईल'. दिलीच पाहिजे, असं नाही. नियमांत एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय आहे. २०२२ च्या मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी महिना ४,००० रुपये धरले आहेत. बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलासाठी महिना २,२५० रुपये मिळतात, तेही अठराला थांबतात. आता हे अनुरक्षण मागायचं कोणाकडे, हे त्या मुलाला सांगणारं माणूसच नसतं. माझ्या सहा जणांपैकी एकालाही बाहेर पडताना हा शब्द कोणी सांगितला नव्हता.

त्यांतल्या एकाबद्दल लिहिते. नाव लिहिणार नाही, पनवेलमध्ये त्याला ओळखणारे आहेत. सातव्या वर्षी तो पनवेल स्टेशनवर सापडला. गावाचं नाव त्याला अर्धवट आठवतं. घरात बाबासाहेबांचा फोटो होता आणि आजी संध्याकाळी त्यापुढे मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणायची, हे मात्र पक्कं आठवतं. बारावीनंतर आम्ही जातीच्या दाखल्यासाठी फिरलो. वडिलांकडच्या नात्यातला कागद आणा, १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आणा. ज्याला आजीचं नाव माहीत नाही, तो पणजोबांचा पुरावा कुठून आणणार? दाखला नाही म्हणून स्वाधार योजना नाही, समाजकल्याणच्या वसतिगृहातली आपल्यासाठीची जागा नाही. खिडकीपलीकडचा माणूस समजावणीच्या सुरात म्हणाला, "जात नाही तेच बरं आहे ना, सुटलास." बाहेर आल्यावर मुलगा मला म्हणाला, "ताई, मग तो फोटो कोणाच्या घरात होता?"

अनाथाला जात नसते, हे वाक्य ऐकायला पुरोगामी वाटतं. मी समाजशास्त्र शिकले आहे म्हणून नव्हे, इथे रोज बघते म्हणून सांगते: वीटभट्टीवरून, पुलाखालून, दारूने आणि टीबीने मोडलेल्या घरांतून जी मुलं बालगृहात येतात, ती बहुतेक आपलीच असतात. दलितांची, भटक्यांची, कातकऱ्यांची. जात त्यांना संस्थेपर्यंत आणून सोडते आणि दाखल्याच्या वेळी गायब होते. एप्रिल २०१८ मध्ये राज्याने अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. बालगृहात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता आणि तो निर्णय मोठा आहे. पण आई जिवंत आहे, फक्त नऊ वर्षांत भेटायला आलेली नाही, अशा मुलीचं काय? ती अनाथ नाही. पालकाच्या उत्पन्नाचा दाखला मात्र तिलाही आणायचा आहे. अमेरिकेत वयाच्या तेरा वर्षांनंतर कधीही सरकारी देखरेखीत किंवा प्रतिपालक कुटुंबात राहिलेल्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीच्या अर्जात आईबापाचं उत्पन्न विचारतच नाहीत. एवढा एक रकाना आपल्याकडे रद्द झाला, तरी जूनमधले निम्मे हेलपाटे वाचतील.

सरकारशी भांडण आहेच. पण हा लेख मी आपल्यासाठी लिहिते आहे. बाबासाहेबांची आई ते पाच-सहा वर्षांचे असताना गेली. आत्या मीराबाईंनी सांभाळलं, वडिलांनी उसनवारी करून पुस्तकं आणली, सयाजीरावांचे महिना २५ रुपये होते. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी वाढवलेला यशवंत डॉक्टर झाला. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढलं. सिद्धार्थ कॉलेज १९४६ ला निघालं तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. हुशार मूल उपाशी आणि बेघर असेल तर ते वर्गात टिकत नाही, हे त्या पिढीला सांगावं लागत नव्हतं. आपण जयंतीच्या डीजेची सुपारी किती देतो, हे मी इथे लिहीत नाही. ज्यानं त्यानं आपल्या मंडळाची वही काढून बघावी.

माझंही सांगते. नववीत असताना माझे वडील गेले. पुढे प्रत्येक फॉर्मवर मामांनी सही केली, म्हणून मी एम.ए. पर्यंत पोचले. तरीही हा मुलगा एफ.वाय.बी.कॉम.ला असताना मी चुकले. दिवाळीच्या सुट्टीत त्याचं हॉस्टेल आणि मेस बंद झाली. सगळे घरी गेले. त्याने मला दोनदा फोन केला. मी नागपूरहून दीक्षाभूमीचा कार्यक्रम करून परतले होते, पुढच्या शिबिराच्या गडबडीत होते, नंतर करू म्हणून राहिलं. बारा रात्री तो एसटी स्टँडवर झोपला. मला हे कळलं फेब्रुवारीत, तेव्हा त्याचा नंबर बंद होता आणि कॉलेजच्या हजेरीपटावरून नावही गेलं होतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टकडे तो हमालीला लागला होता. मला बघून तो हसला. चहा त्यानेच पाजला. "तुम्ही कामात असाल वाटलं," एवढंच म्हणाला.

त्यानंतर आम्ही फार मोठं काही केलेलं नाही. पनवेल, टक्का आणि खांदा कॉलनीतल्या पाच घरांनी दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्या वाटून घेतल्या आहेत. प्रत्येक मुलामागे एक माणूस ठरलेला आहे, पालकाची सही तोच करतो आणि रात्री फोन आला तर उचलतो. एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, ते परीक्षेच्या दिवशी मुलीला सेंटरपर्यंत सोडतात आणि पेपर सुटेपर्यंत गेटवर बसतात, कशाला बसता विचारलं तर चिडतात. पाच घरं सहा मुलांनाच पुरतात. दर जूनला आणखी मुलं बाहेर पडतात. तुमच्या विहाराच्या समितीत हा विषय निघाला तर मला बोलवा, मी येईन.

तो मुलगा आता मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतो आहे, दिवसा लोखंड बाजारात आणि रविवारी अभ्यास केंद्रात. पहिल्या वर्षाचा एक विषय राहिला आहे. अकाउंट्स. कोणाला शिकवायला वेळ असेल तर कळवा, तो रात्री नऊनंतर मोकळा असतो.