‘नको’चं चित्र

“बोलेल गं आपोआप! याचा बाप तरी कुठे तीन वर्षांपर्यंत बोलत होता?” सासूबाईंचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की मलाही त्याचा आधार वाटू लागला होता. पण आमचा छोटू चार वर्षांचा झाला तरी ‘आई’ म्हणेना. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत न्यायचा, आणि मला उमगलं नाही तर स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायचा. डॉक्टरांनी ‘स्वमग्नता’ असं निदान केलं. स्पीच थेरपीच्या बाईंनी सुचवलं, चित्रांची कार्डं सुरू करा.

“म्हणजे तो बोलणारच नाही का?” माझा पहिला प्रश्न हाच. घरी आल्यावर हे म्हणाले, “हाती कुबडी दिली, की पाय कशाला चालतील?” खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. गंमत बघा, शाळेत पहिलीच्या मुलांना मी रोज चित्रांचे तक्ते दाखवून शिकवते. आणि पोटच्या पोरासाठी मात्र मला त्याच चित्रांची लाज वाटत होती!

बाईंनी शांतपणे समजावलं. ही पद्धत बाँडी आणि फ्रॉस्ट या दोघांनी १९८५ साली अमेरिकेत तयार केली. तिला ‘पेक्स’ म्हणतात. हवं त्या वस्तूचं चित्र मुलाने समोरच्याच्या हातात द्यायचं, की ती वस्तू लगेच मिळते. अशा साधनांनी बोलणं खुंटतं का, हे अभ्यासकांनी तपासलं आहे. स्वमग्न मुलांविषयीचे प्रयोग २००८ साली एकत्र पाहिले गेले, तेव्हा तसा पुरावा मिळाला नाही. उलट काही मुलांचे शब्द थोडे वाढलेच. “वाचा येईलच असं वचन मी देत नाही,” बाई म्हणाल्या, “पण चित्रांमुळे ती जाईल, ही भीती मनातून काढा.”

मग आमच्याच घरातल्या वस्तूंचे फोटो काढले, लॅमिनेट केले, मागे वेल्क्रो लावलं. पाण्याचा पेला, झोपाळा, चुरमुऱ्याचा लाडू. लाडवाचा तुकडा घेऊन मी समोर बसायची आणि हे मागे बसून, एक शब्द न बोलता, छोटूचा हात चित्राकडे न्यायचे. पंधरा-वीस दिवसांनी त्याने आपणहून चित्र माझ्या तळहातावर ठेवलं. मी लाडू दिला आणि ओट्याशी जाऊन डोळे पुसले.

पण खरा धडा पुढेच होता. बाईंनी एक ‘नको’चं कार्डही करायला लावलं होतं. संक्रांतीला घरी हळदीकुंकू होतं. छोटूला नवा, खळ लावलेला कुडता घालून मी बाहेर आणलं. बायकांची गर्दी, गलका. त्याने ‘नको’ काढून माझ्या हातात दिलं. “आत्ता नाही हं, शहाणा ना माझा?” म्हणत मी ते परत चिकटवलं. त्याने पुन्हा दिलं. मी पुन्हा तेच केलं. तिसऱ्या वेळी त्याने कार्ड फेकलं आणि भिंतीकडे धावला.

कार्ड उचललं ते सासूबाईंनी. एरवी पाहुणे आले की ही कार्डं कपाटात लपवणाऱ्या त्याच! म्हणाल्या, “अगं, तो सांगतोय ना! मुलाला बोलायला शिकवलंस, ते तुझ्या सोयीचं तेवढंच बोलायला का?” आणि त्याचा कुडता काढून त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

मी हळदीकुंकवाची कोयरी हातात धरून तशीच उभी राहिले.

आज छोटू सात वर्षांचा आहे. आता फोनवर मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत ॲपही आहे. चित्रावर बोट ठेवलं, की ते मराठीत बोलतं. पण कार्डं अजून भिंतीवर आहेत, त्याच्या हाताला येतील अशा उंचीवर. मैत्रिणींनो, तुमच्याकडे असं मूल असेल, तर साधन कोणतंही घ्या, पण ते कपाटात ठेवू नका आणि त्यातलं ‘नको’ काढून टाकू नका.

छोटू अजून ‘आई’ म्हणत नाही. पण कधी कधी, काहीही हवं नसताना, माझाच फोटो आणून माझ्या हातात ठेवतो.